आमची वाटचाल: लेथपासून रिगपर्यंत

स्टॉप-मोशनची, म्हणजे बाहुली जराजरा हलवून फोटो काढत केलेल्या फिल्मची, सुरुवात दोघांनी केली, पार्टनर लेथवर आणि मी कॅमेऱ्यामागे. आर्मेचर, म्हणजे बाहुलीच्या आतला सांधेवाला सांगाडा, आम्ही कधीच विकत घेतलं नाही, स्टीलचे बॉल, पितळेच्या पट्ट्या, मधे एक स्क्रू, आणि तो स्क्रू किती आवळायचा हे फक्त त्यालाच कळायचं. खांदा घट्ट, मनगट जरा सैल. तारेवर बाहुल्या करणाऱ्यांनो, विचारलं नाहीत तरी सांगतो, ॲल्युमिनियमची तार वाकवून वाकवून मनगटातच तुटते, तेव्हा हात बदलता येईल असा ठेवा, आख्खी बाहुली फाडायची वेळ आणू नका.

मग ते प्रकरण. 30 सेकंदांची फिल्म, टूजवर, एक पोज दोन फ्रेम धरून, म्हणजे सेकंदाला 12 पोज, एकूण 360. बाहुली ॲप्रूव्ह व्हावी म्हणून फिरत्या टेबलावर दर 5 अंशांना एक असे 72 फोटो क्लायंटला पाठवले. नऊ दिवस शूट झालं आणि दहाव्या दिवशी फोन, थांबवा, दुसरीकडे कॉम्प्युटरवर करून घेतोय. ठीक, धंदा आहे. पण त्या दुसऱ्यांनी आमच्याच 72 फोटोंवरून फोटोग्रामेट्री करून, म्हणजे फोटो जुळवून, कॉम्प्युटरमध्ये बाहुलीचं 3D मॉडेल काढलं की हो! वर रिग, म्हणजे मॉडेल हलवणारा कॉम्प्युटरमधला सांगाडा, असं की चालताना पाय जमिनीवरून घसरतात, कमरेत वजनच नाही. ॲडव्हान्स सिलिकॉन आणि साच्यांत गेलेला, सहा महिने जागेचं भाडं कसं भरलं ते आमचं आम्हाला माहीत.

वाचवलं पंपवाल्या काकांनी. त्यांना पंप आतून चालताना दाखवायचा होता. मी इम्पेलर, म्हणजे पंपातलं पात्यांचं चाक, फिरवून दाखवला तर पिशवीतून खरा काढून टेबलावर ठेवला, म्हणाले, "तुझा उलटा फिरतोय, पाती फिरण्याच्या दिशेच्या मागे वळलेली असतात." लाज वाटली. वर मोटर 1440 आरपीएमची, ती सेकंदाला 24 फ्रेमवर खरी फिरवली तर दर फ्रेमला बरोब्बर एक फेरा, म्हणजे स्क्रीनवर इम्पेलर ढिम्म. शेवटी मुद्दाम हळू फिरवला. काकांना आधी पटेना, मग कागदावर हिशोब मांडला तेव्हा हसले, आणि तेव्हापासून त्यांचं प्रत्येक मॉडेल आमच्याकडेच येतं.

नंतरची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पार्टनरचे डोळे अधू झाले, तो थांबला. मुलं आता ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये रिग करतात, पण नवीन आलेल्याला मी पहिला आठवडा पार्टनरचं आर्मेचरच हातात देतो, कुरकुरतात, कुरकुरू देत.

फोटोंवरून मॉडेल काढणाऱ्या त्या लोकांच्या शोरीलमध्ये, म्हणजे कामाचे नमुने दाखवणाऱ्या व्हिडिओत, ती बाहुली अजून आहे. क्लोजअपला पॉज करा, मानेमागे मातीत उठलेला अंगठ्याचा ठसा मॉडेलच्या टेक्स्चरमध्ये, म्हणजे वरच्या पोतात, जसाच्या तसा आलाय. पार्टनरचा आहे. त्यांनी पुसायचेही कष्ट घेतले नाहीत.