आखेनमध्ये खेळाडू पास मिळवताना: सांगलीत असतानाच करायची कामं

जर्मनीत आखेनला शिकायला गेल्यावर तिथल्या फुटबॉल क्लबातून सामने खेळायचे तर खेळाडू पास, म्हणजे नोंदणी करून मिळणारी परवानगी, लागते. माझा अर्ज ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेला आणि खेळायची परवानगी आली फेब्रुवारी संपताना. मधले पाच महिने आठवड्यातून दोनदा सराव आणि रविवारी सामना असेल तर तो बाहेर उभं राहून बघायचा. व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी पैसे भरून ठेवायचं खातं), खोली यावर भरपूर लिहिलेलं सापडतं, ती कामं होतात. या पासबद्दल मात्र निघण्याआधी कुणी सांगत नाही. सांगली, मिरज, कोल्हापूरकडं क्लबातून खेळलेल्यांचं घोडं नेमकं इथंच अडतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

जर्मनीत अगदी खालच्या, म्हणजे क्राइसलिगा या जिल्हा पातळीवरच्या लीगच्या सामन्यातही नोंदणीशिवाय मैदानात उतरता येत नाही. परवानगी नसलेला खेळाडू उतरवला आणि ते सिद्ध झालं तर संघाचे गुण जातात, म्हणून कोच कितीही चांगला असला तरी खेळवत नाही. त्याच्यावर रागावू नका. सरावाला पास लागत नाही. चार-पाच सराव बघून क्लब सभासद करून घेतो आणि मग तुमचा अर्ज ऑनलाइन भरतो. त्याला पासपोर्टची प्रत, फोटो आणि राहत्या पत्त्याची नोंद लागते. ही पत्त्याची नोंद, आन्मेल्डुंग, घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असतेच. ती झाल्याशिवाय क्लबाच्या मागं लागू नका.

पुढचा प्रवास असा. क्लबाकडून अर्ज प्रादेशिक संघटनेकडं जातो. अशा 21 संघटना आहेत. परदेशातून आलेल्या खेळाडूचा अर्ज तिथून फ्रँकफर्टला डीएफबीकडं, म्हणजे जर्मन फुटबॉल संघटनेकडं, आणि डीएफबीकडून दिल्लीला एआयएफएफकडं, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडं. खेळाडू आधी भारतात नोंदलेला असेल तर भारताकडून आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट, आयटीसी, यावं लागतं. हे फक्त व्यावसायिक खेळाडूंसाठी असतं असा गैरसमज आहे. हौशी खेळाडूलाही ते लागतं. आणि ते एका देशाच्या संघटनेकडून थेट दुसऱ्या देशाच्या संघटनेकडं जातं. तुमच्या हातात येत नाही, क्लबाच्याही नाही. त्यामुळं कागद कुठं थांबलाय हे तुम्हाला दिसतच नाही. सगळ्यात जास्त त्रास याचाच झाला.

माझं अडलं ते नावावर. एआयएफएफची खेळाडू नोंदणी सीआरएस नावाच्या ऑनलाइन यंत्रणेत असते आणि नोंद क्लबाच्या लॉगिनमधून होते. आपल्याकडच्या एका क्लबानं माझी नोंद शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून केली होती. दाखल्यावर आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आपलं नाव आडनावापासून सुरू होतं. समजा, पाटील रोहित संजय. भरणाऱ्यानं ते जसंच्या तसं तीन चौकोनांत टाकलं: पहिलं नाव पाटील, मधलं रोहित, आडनाव संजय. पासपोर्टवर आडनाव पाटील आणि दिलेलं नाव रोहित संजय. जर्मनीकडून पासपोर्टप्रमाणं विचारणा गेली, या नावाचा खेळाडू सापडत नाही असं उत्तर आलं. पण माझ्या अर्जात जुन्या क्लबाचं नाव होतं, म्हणून प्रकरण बंदही होईना. नोंद आहे म्हणावं तर सापडत नाही, नाही म्हणावं तर मी स्वतःच लिहून दिलेलं.

हे एवढं कळायलाच सहा आठवडे गेले. नंतर दुरुस्ती. ती जुन्या क्लबानंच मागायला हवी होती, कारण खेळाडूला स्वतःचं नाव असं बदलता येत नाही. क्लबाचे सेक्रेटरी फोनवर ‘करतो की, उद्या बसतो’ म्हणायचे. मेलला उत्तर नाही. व्हॉट्सअॅपवर निळ्या खुणा, पुढं शांतता. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतली घड्याळं तासभर मागं जातात आणि भारताशी अंतर साडेतीनवरून साडेचार तासांचं होतं. साहेब भेटायचे संध्याकाळी साडेपाचनंतर मैदानावर, म्हणजे आखेनमध्ये दुपारी एकनंतर, ऐन प्रॅक्टिकलच्या वेळेत. शेवटी दादा सांगलीहून एसटीनं दोन वेळा जाऊन आला. पहिल्या खेपेला ‘लॉगिनचा पासवर्ड दुसऱ्याकडं आहे’. दुसऱ्या खेपेला दादा समोर बसला आणि काम वीस मिनिटांत झालं. वीस मिनिटांच्या कामाला अडीच महिने. याचा राग अजून आहे, आणि तो योग्य आहे असंच मला वाटतं. ज्याच्या हातात नोंदणी दिली आहे त्याला पोराचं अख्खं वर्ष त्यावर अडतं याची जाणीव हवी.

तेव्हा निघायच्या आधी, सांगलीत असतानाच, क्लबाच्या लॉगिनमधलं स्वतःचं पान समोर बसून उघडायला लावा. सीआरएस आयडी लिहून घ्या. नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा, स्पेलिंगसकट. जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटलेत का ते बघा, 3 जुलैचं 7 मार्च सहज होतं. हौशी खेळाडू अशीच नोंद आहे ना, तेही तपासा. त्या पानाचा फोटो काढून ठेवा. हा फोटो माझ्याकडं असता तर पहिल्याच आठवड्यात चूक दिसली असती. क्लबाच्या लेटरहेडवर इंग्रजीत एक पत्रही घ्या: नाव, आयडी, शेवटच्या सामन्याची तारीख, सोडायला हरकत नाही आणि कसलीही बाकी नाही. पत्रानं आयटीसी मिळत नाही, पण जर्मन क्लबातल्या पासचं काम बघणाऱ्या माणसाला त्यावरून फोन करता येतो.

पैसे कुणी मागितले तर देऊ नका. फिफाच्या नियमाप्रमाणं आयटीसी विनाशुल्क द्यायचं असतं.

शेवटच्या सामन्याची तारीख खरी लिहा. जर्मनीत हौशी खेळाडूंना क्लब बदलायच्या खिडक्या, म्हणजे ठराविक मुदती, दोन: 1 जुलै ते 31 ऑगस्ट आणि 1 ते 31 जानेवारी. विंटर सेमिस्टरला येणारा पहिली खिडकी बंद झाल्यावरच पोचतो. पण सहा महिने कुठंच सामना न खेळलेल्याला थांबावं लागत नाही. आपल्याकडं मोसम मेच्या आसपास संपला असेल तर नोव्हेंबरात सहा महिने भरतात. म्हणून निघायच्या आदल्या महिन्यात कुणाच्या आग्रहाखातर नोंदणीकृत स्पर्धेत उतरू नका, सहा महिने पुन्हा शून्यापासून मोजले जातात. आणि ‘कधीच क्लबात नव्हतो’ असं लिहायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. भारतात चौकशी होऊन नोंद निघाली तर ती खोटी माहिती ठरते.

थांबण्याच्या काळात विद्यापीठाचा होखशूलश्पोर्ट, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीचे खेळाचे वर्ग, उपयोगी पडतो. त्याला पास लागत नाही. नोंदणी सेमिस्टरच्या सुरुवातीला ऑनलाइन उघडते आणि फुटबॉलच्या जागा काही मिनिटांत भरतात, वेळ आधीच बघून ठेवा. सोबत आठवड्याला एकदा तिवोली स्टेडियमकडं चक्कर होतेच. अलेमानिया आखेन या तिथल्या क्लबाचे काळे-पिवळे पट्टे असे की त्यांना प्रेमानं बटाट्यावरचे किडे म्हणतात.

बुटांचं राहिलंच. आपल्या कडक मैदानावरचे साध्या रबरी स्टडचे बूट तिथल्या कोरड्या गवतावर चालतात. पण बरेच सराव कृत्रिम गवतावर होतात, तिथं आखूड आणि जास्त स्टडचे, एजी किंवा टर्फचे बूट लागतात. स्क्रू स्टडला तिथं बहुतेक ठिकाणी मनाई असते, ते फक्त ओल्या गवतासाठी. भारतातून एकच जोड न्या, दुसरा मैदान बघून तिथं घ्या. शिनगार्ड न्यायला विसरू नका, त्याशिवाय रेफरी उतरू देत नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी सामने थंडीमुळं बंद असतात, हे एक नशीब. परवानगी आली तेव्हा मोसमाचा दुसरा टप्पा सुरू व्हायला आठवडा होता. रविवारी दुपारी तीनच्या सामन्यात बदली खेळाडू म्हणून अकरा मिनिटं मिळाली. सांगलीत तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. सामना संपल्यावर पहिला फोन दादाला केला.