तिच्यासाठी थेरपिस्ट शोधताना

पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या मनोविकार विभागात मी समाजसेविका आहे. आमचं काम म्हणजे समुपदेशन, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात अर्धा दिवस फोनवर जातो: बिलमाफीचे अर्ज, नातेवाइकांना बोलावणं, आणि डिस्चार्जनंतर पेशंटला कुणाकडे पाठवायचं ते ठरवणं. हे शेवटचं काम सगळ्यात जोखमीचं. चुकीच्या माणसाकडे गेलेला पेशंट बहुतेकदा पुन्हा कुणाकडेच जात नाही.

ही केस तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे. वय पंचविशीच्या पुढचं, आयटीत नोकरी, जोडीदार एक मुलगी, घरी अर्धवट माहीत. ऑफिसात चक्कर येऊन पडली म्हणून दाखल झाली. केसपेपरवर होतं: लठ्ठपणा, अशक्तपणा, नैराश्य असावे, वजन कमी करण्याचा सल्ला.

काल दिवसभरात काय खाल्लं, हे मी प्रत्येकाला विचारते. झोप आणि जेवण कळल्याशिवाय मनाबद्दल बोलण्यात अर्थ नसतो. ती म्हणाली, "ताई, सकाळी काळी कॉफी आणि संध्याकाळी काकडी." परवा? तेच. पाच महिन्यांत २२ किलो उतरले होते. पाळी थांबली होती, केस गळत होते, एप्रिलच्या उन्हात अंगात स्वेटर होता. या पाच महिन्यांत भेटलेल्या प्रत्येकाने तिचं कौतुक केलं होतं, आमच्याच ओपीडीतल्या एका डॉक्टरांनीसुद्धा. नाडी ४८ होती, म्हणजे बरीच मंद. राउंडला कुणीतरी म्हणालं, व्यायाम करत असेल.

हाडं दिसणारी मुलगी हेच सांगत आली असती तर अख्खा विभाग धावला असता. २०१३च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत, या आजाराला नाव आहे, अटिपिकल ॲनोरेक्सिया नर्व्होसा: उपासमार तीच, वजनाची दहशत तीच, फक्त एवढं वजन उतरूनही आकडा 'नॉर्मल' किंवा त्याच्या वरच. हृदयाला आणि रक्तातल्या क्षारांना असलेला धोका त्यामुळे टळत नाही. रात्रपाळीच्या रेसिडेंटने (शिकाऊ निवासी डॉक्टरने) माझं नीट ऐकलं, ईसीजी काढला, फॉस्फरस आणि पोटॅशियम तपासायला पाठवलं, जेवण बेताबेताने वाढवायचं ठरवलं. अशा माणसाला एकदम भरपेट दिलं तर फॉस्फरस घसरून जिवावर बेतू शकतं. आमच्याकडचे रेसिडेंट सिनियर लोकांपेक्षा पेशंटचं जास्त ऐकतात, हे मी विभागप्रमुखांसमोरही सांगेन.

मग थेरपिस्टचा शोध. याआधी ती दोघींकडे जाऊन आली होती. पहिलीने तिसऱ्याच भेटीत आईला बोलावून घेतलं आणि लग्नाचा विषय काढला. दुसरी मात्र मनापासून क्वीअर-स्नेही होती, म्हणजे समलिंगी माणसांना आहे तसं स्वीकारणारी. जोडीदाराबद्दल तिने कसलाही आडवा प्रश्न विचारला नाही, म्हणून हिचा तिच्यावर विश्वास बसला. आणि तिनेच सुचवलं, थोडं वजन उतरव, आत्मविश्वास येईल. उपास तिथून सुरू झाला. ती मला म्हणाली, "ताई, जिच्यासमोर लपवायला काही उरलं नव्हतं, तिचंही तेच मत निघालं."

एक पूर्ण दुपार मी फोनवर घालवली. समलिंगी जोडप्यांबद्दल विचारलं की बहुतेक जण म्हणतात, आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो. या उत्तराने मला काहीच कळत नाही. त्यामुळे मी नेमकं विचारते: पेशंटने सांगितल्याशिवाय घरच्यांशी बोलाल का? जोडीदाराला सेशनमध्ये बोलावता का? 'बदलून द्या' म्हणत आईवडील आले तर काय सांगाल? २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कन्व्हर्जन थेरपीला, म्हणजे लैंगिक कल 'बदलण्या'च्या उपचारांना, व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे, पण ते डॉक्टरांसाठी. समुपदेशक अशी पाटी तर कुणीही लावतं.

वजनाबद्दल विचारलं की सूर बदलायचा. ज्यांनी पहिल्या प्रश्नांना सुरेख उत्तरं दिली, त्याच म्हणायच्या: "पण पीसीओएस (पाळी बिघडवणारा हार्मोनचा विकार) आहे का बघा, वजन कमी झालं की मूड सुधारतो." मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ मध्ये भेदभाव करता येणार नाही अशा बाबींची यादी आहे. लैंगिक कल त्यात स्पष्ट लिहिला आहे. जाडपणाचा उल्लेख नाही. आणि खाण्याच्या आजारांवर काम करणारी जी एक तज्ज्ञ सापडली, तिच्या फॉर्मवर पतीचं नाव ही सक्तीची ओळ होती.

संध्याकाळी एकीने फोन उचलला. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हचा क्वीअर अफर्मेटिव्ह समुपदेशनाचा अभ्यासक्रम तिने केला होता. वजनाबद्दल विचारल्यावर ती थोडी थांबली. म्हणाली, "वजन घटवणं हे माझ्याकडे उद्दिष्ट नसतं. पण ती उपाशी असेल तर मी एकटी पुरणार नाही. नाडी, बीपी, रक्त बघणारा डॉक्टर तुम्ही द्याल का?" स्वतःची मर्यादा एवढ्या मोकळेपणाने सांगणारी माणसं आमच्या क्षेत्रात फार थोडी आहेत. मी तिथेच तिचं नाव नक्की केलं.

डॉक्टर द्यायचा म्हणजे वजन अधूनमधून बघावं लागणारच. आमचा काटा ओपीडीच्या दारात आहे आणि सिस्टर आकडा मोठ्याने सांगतात, शेजारच्याने लिहून घ्यावा म्हणून. मी आतल्या खोलीतला काटा मागितला. पेशंटने पाठमोरं उभं राहायचं, आकडा फक्त डॉक्टरांच्या कागदावर. सिस्टरांना हे लाड वाटले. पण त्यांनी केलं, आणि नंतर दुसऱ्या एका पेशंटसाठी मी न सांगता केलं.

थेरपी सुरू आहे. सुरुवातीला ती कॅमेरा बंद ठेवून बोलायची, आता जोडीदारही कधीकधी असते. जेवण दोन वेळांवर आलंय, नाडी ५८. उपास पूर्ण सुटलेला नाही. एखाद्या नातेवाइकाने 'बारीक झालीस, छान दिसतेस' म्हटलं की पुढचे दोन दिवस कॉफीवर जातात. त्या नातेवाइकांना मी कुठे कुठे गाठणार?

सध्या प्रश्न पैशांचा आहे. तिने रजा घेतली आहे, पगार अर्धा. थेरपिस्टने फी कमी केली, पण तीही दर आठवड्याला झेपत नाही. आमच्या गरीब रुग्ण निधीतून औषधं आणि तपासण्या मिळतात, बाहेरची थेरपी मिळत नाही. अपवाद करावा म्हणून मी अर्ज दिला. समितीने विचारलं, निदानात 'लठ्ठपणा' असलेल्या पेशंटला उपासमारीवरच्या उपचाराचे पैसे कशाला? रेसिडेंटचं सुधारित निदान मी सोबत जोडलं आहे. त्यावर सिनियरांची सही लागते, आणि ते म्हणाले आहेत, आधी वजन बघू.