गाडीचा मीटर घरीच खोलला – माझा अनुभव

मागच्या महिन्यात रात्री साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीच्या बोगद्याच्या जरा आधी मीटरची लाईट गेली, स्पीड किती पेट्रोल किती काहीच दिसेना, आणि बोगद्यातून बाहेर पडलं की लगेच उतार नि वळण, त्यामुळे जाम टेन्शन आलं. गाडी बाबांची, १९९८ची. मीटरवरचे बहुतेक किलोमीटर त्यांनीच चालवलेले, म्हणून दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायला मन होईना.

आधी दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढली. जुनं प्लास्टिक थंडीत कडकन तुटतं म्हणून गाडी तासभर उन्हात ठेवली होती, मग मीटरभोवतीची काळी फ्रेम दोन स्क्रू काढून हलक्या हाताने ओढली तर लॉक न तुटता निघाली. मीटरचे चार स्क्रू मॅग्नेटवाल्या स्क्रू ड्रायव्हरने काढा, मागे डॅशबोर्डात पडला तर सापडत नाही.

खरी मेहनत केबलची. अशा जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सकडून स्पीडोमीटरला केबल येते, ती ताणलेली असली की मीटर पुढे येतच नाही आणि जोर लावला तर मागची तांब्याच्या रेषांची पातळ फिल्म फाटू शकते, ती फाटली की संपलंच. मी बॉनेट उघडून इंजिनाच्या बाजूने केबल मोकळी केली नि थोडी आत ढकलली, चार बोटं जागा झाली, मग चाचपडत मागचा प्लास्टिकचा लॉक दाबला तेव्हा कुठे सुटली. अर्धा तास यातच गेला. कनेक्टर काढायच्या आधी फोटो काढले, वायरला धरून ओढलं नाही.

बल्ब होल्डरसकट पाव फेरा फिरवून निघतात. बघतो तर बॅटरीच्या चिन्हाचा बल्बपण उडालेला! अशा गाड्यांत ऑल्टरनेटरला (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) सुरुवातीचा करंट याच बल्बमधून जातो, म्हणून रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नव्हतं, आणि मी उगाच बॅटरी बदलायच्या विचारात होतो. तो बल्ब एलईडी घेऊ नका, १२ व्होल्ट १.२ वॅटचा साधाच लावा.

नवे बल्ब लावून, स्क्रू आवळायच्या आधी कनेक्टर नि बॅटरीची निगेटिव्ह परत जोडून चावी फिरवली, सगळे दिवे लागले. रात्री कात्रजपर्यंत चक्कर मारली, काटा अजिबात थरथरला नाही आणि बाबांचे किलोमीटर स्पष्ट दिसत होते.