टँक बंद करायला गेले आणि चार दिवस ‘शून्य’वर अडकले

‘शून्य येतंय? मग डबल मारा की मॅडम.’

स्विमिंग टँकच्या पाण्यात क्लोरीन शून्य दिसतंय म्हटल्यावर केमिकलच्या दुकानातून फोनवर मिळालेला हा सल्ला. महिना होऊन गेला, तरी आठवला की डोकं फिरतं. खरं तर स्वतःवर चिडायला पाहिजे, पण आधी त्या दुकानदारावर चिडून घेते.

जुळे सोलापुरात आमची सोसायटी आहे. ब्रोशरवर छापला होता म्हणून बिल्डरने बांधून दिलेला स्विमिंग टँक आहे. बारा मीटर लांब, सहा रुंद, सरासरी खोली १.२ मीटर, म्हणजे सुमारे ८६ हजार लिटर पाणी. मार्च ते जून पोरं त्यातून बाहेर निघत नाहीत आणि दिवाळीनंतर कुणी पायसुद्धा बुडवत नाही. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी बंद ठेवायचं ठरलं. मी खजिनदार, त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं.

मीटिंगमध्ये पहिली सूचना आली, रिकामाच करून टाका. नळाला रोज पाणी येत नाही अशा गावात ८६ हजार लिटर गटारात सोडायचं आणि फेब्रुवारीत दहा हजारी नऊ टँकर मागवायचे! शिवाय आपली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. भरलेल्या टँकचं वजन तिला दाबून धरतं, रिकाम्या टँकच्या भिंतींना आणि फरशांना तोच आधार राहत नाही. आणि तळाशी वीतभर पाणी उरलं की डासांची शाळा सुरू. त्यामुळे पाणी ठेवायचं, क्लोरीन बसवायचं आणि वर कापड टाकायचं, एवढंच करायचं होतं.

यूट्यूब बघून काही उपयोग झाला नाही. तिथले सगळे बर्फाच्या गावचे. पाण्याची पातळी खाली घ्या, पाइपमधलं पाणी हवेने उडवा, अँटीफ्रीझ घाला. त्यांच्याकडे पाणी इतकं गार पडतं की शेवाळ झोपी जातं आणि क्लोरीन खर्चच होत नाही, म्हणून एकदा झाकलं की वसंतात उघडतात. आमच्या टँकमध्ये डिसेंबरच्या सकाळी थर्मामीटर बुडवला तर २१ अंश. आपल्याला अंगावर काटा येतो, शेवाळाला काहीच फरक पडत नाही. त्यामुळे ‘बंद करा आणि विसरा’ हे सोलापुरात चालत नाही.

पीएच वगैरे सरळ पार पडलं. बोअरचं पाणी जड, पीएच ७.८ च्या वर गेलेला. रविवारी ॲसिड टाकून ७.४ वर आणला. क्लोरीनच्या आधी हे करायचं, कारण पीएच चढलेला असला की क्लोरीन असून नसल्यासारखं. आणि दोन्ही एकाच वेळी टाकायचं नाही, मध्ये एक दिवस जाऊ द्यायचा.

आता ते शून्य.

दिवाळीच्या सुट्टीत कुणी लक्ष दिलं नव्हतं, पाण्यावर हिरवी झाक होती. हिशेब मी नीट केला होता. ८६ हजार लिटरमध्ये क्लोरीन एक पीपीएम (लिटरमागे एक मिलिग्रॅम) वाढवायला ८६ ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं. आमची पावडर (कॅल्शियम हायपोक्लोराइट) ६५ टक्क्यांची, म्हणजे साधारण १३० ग्रॅम. दहा पीपीएमसाठी एक किलो तीनशे. (साधी ब्लीचिंग पावडर स्वस्त पडते, पण ती घ्यायची झाली तर दुप्पट लागते आणि चुन्याचा गाळ तळाला बसतो तो वेगळाच.) सोमवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर बादलीत कालवून कडेकडेने ओतली, पंप रात्रभर चालू. मंगळवारी सकाळी पाणी हिरव्याचं राखाडी झालेलं, क्लोरीन शून्य. हे शून्य खरं होतं. शेवाळ मारण्यात सगळं खर्च झालं.

मंगळवारी परत तेवढंच. बुधवारी सकाळी शून्य. तेव्हा दुकानात फोन केला आणि वरचं वाक्य ऐकलं. पाणी कसं दिसतंय, तपासायचं किट कुठलं आहे, आतापर्यंत किती टाकलं, यातलं एक अक्षर त्याने विचारलं नाही. मीही शहाणी, बुधवारी डबल मारलं. गुरुवारी सकाळी पाणी इतकं स्वच्छ की तळाची फरशी मोजावी. क्लोरीन शून्य. गुरुवारी संध्याकाळी अजून एक किलो तीनशे. शुक्रवारी सकाळी शून्य.

रोज सकाळी सात वाजता शाल गुंडाळून मी त्या कडेला उकिडवी बसायचे. बाटलीत दहा मिली पाणी, त्यात थेंब, झाकण लावून हलवायचं, शेजारच्या रंगपट्टीशी जुळवायचं. क्लोरीन असेल तर गुलाबी होतं. मी पट्टी डोळ्यांसमोर धरेपर्यंत बाटलीत पांढरं स्वच्छ पाणी. थेंब पडल्या पडल्या क्षणभर गुलाबी रेघ उमटून विरायची, हे मी दोनदा पाहिलं होतं. ‘थेंब विरघळतोय’ असं समजून सोडून दिलं. चेअरमन काका वरच्या गॅलरीतून विचारायचे, ‘झालं का?’ हे सलग चार दिवस.

शुक्रवारी वॉचमन मामा टॉवेल घेऊन आले. आदल्या दिवशी शिडी पुसून तो शिडीवरच टाकला होता, एक टोक रात्रभर पाण्यात. गडद मरून रंगाचा आपला सोलापुरी टॉवेल. वरचा अर्धा मरून, खालचा बिस्किटाच्या रंगाचा, आणि मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी. मामा म्हणाले, ‘नवाच होता ओ ताई.’

तेवढ्यात बी विंगमधले अण्णा फिरायला निघाले होते. अख्खी नोकरी त्यांनी पूर्व भागातल्या डाइंग हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात काढलेली. त्यांनी टॉवेल हातात घेतला, रेघेवरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, ‘काय ताई, क्लोरीन नाही म्हणताय? हे क्लोरीननंच खाल्लंय की.’ मी बाटली दाखवली. थेंब टाकला. गुलाबी रेघ आली आणि गेली. अण्णा हसले. ‘तुमचा गुलाबी पण रंगच की ओ. टॉवेलचा उडतो तर ह्याचा उडणार नाही व्हय?’

मी तिथेच फरशीवर बसले.

या गुलाबी किटमध्ये, डीपीडी म्हणतात त्यात, क्लोरीन फार झालं की ते तो रंगच जाळून टाकतं. म्हणजे अजिबात नसेल तरी पांढरं आणि अतोनात असेल तरी पांढरं. गेल्या वर्षीपर्यंत आमच्याकडे जुनं पिवळं किट होतं. ते मोकळं क्लोरीन आणि शेवाळ-घामाशी अडकलेलं क्लोरीन वेगळं दाखवत नाही म्हणून आम्ही हौसेने बदललं. पण त्यात जास्त क्लोरीनला नारिंगी, तपकिरी रंग येतो, मूर्खालाही कळतं. घरी जाऊन किटचा डबा उलटा केला. खालच्या स्पंजमागे मुंगीएवढ्या अक्षरांतली इंग्रजी घडी सापडली. शेवटून दुसऱ्या ओळीत हे लिहिलेलं होतं.

पुढचं मात्र माझं डोकं. पातळ करून मोजायचं. बॅटरीच्या दुकानातून बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर आणलं (नळाचं चालत नाही, त्यातही क्लोरीन असतं), पोराच्या औषधाच्या सिरिंजने टँकचं एक मिली घेतलं आणि त्यात नऊ मिली बॅटरीचं पाणी. थेंब टाकला. टच्च गुलाबी, आणि टिकला! पट्टीवर अडीच. गुणिले दहा, पंचवीस पीपीएम. पोहायला साधारण एक ते तीन लागतं.

हे उतरवायला औषध मिळतं, सोडियम थायोसल्फेट. अण्णांच्या कारखान्यात ब्लीच केलेल्या कापडातलं उरलेलं क्लोरीन मारायला असलंच काही वापरायचे, त्याला अँटिक्लोर म्हणायचे. बाजारात त्याला ‘हायपो’ म्हणतात. सावध राहा, कारण डाइंगवाले सोडियम हायपोक्लोराइटलाही हायपोच म्हणतात, म्हणजे नेमकं उलटं. अण्णांचा सल्ला होता, काही आणू नका, वर ऊन आहे, तेच क्लोरीन उतरवेल. थायोसल्फेट जास्त पडलं की पुढे टाकलेलं क्लोरीनही ते खात बसतं.

म्हणून उघडं ठेवून वाट बघितली. नऊ दिवस. इतके का लागले, तर आम्ही उन्हाळाभर टीसीसीएच्या (क्लोरीन सोडणाऱ्या) गोळ्या तरंगत्या डब्यात ठेवतो. त्यांच्यासोबत सायन्युरिक ॲसिड पाण्यात जातं, ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. एप्रिलमध्ये हे वरदान. पण ते उडून जात नाही, पाणी बदललं तरच कमी होतं, आणि साठत गेलं की क्लोरीन मंदावतं. पट्टीवर आकडा छान आणि पाणी हिरवं, असं ज्यांच्याकडे होतं त्यांनी आधी हे तपासा. मार्चमध्ये मी थोडं पाणी बागेला देऊन नवं भरणार आहे, अर्थात क्लोरीन उतरल्यावरच.

गोळ्यांवरून आठवलं. मामा गोळ्यांचा चुरा आणि पावडर एकाच मगाने काढत होते. मी ओरडलेच. टीसीसीए आणि ती ६५ टक्क्यांची पावडर कोरडी किंवा ओलसर एकत्र आली तर पेट घेऊ शकते. दोघांचे मग वेगळे, डबे वेगळे, जमलं तर खोल्याही वेगळ्या. आणि बादलीत आधी पाणी, मग पावडर.

त्या नऊ दिवसांत काकांनी तीनदा सांगितलं की कापड टाकून मोकळ्या व्हा. पंचवीसवर झाकलं असतं तर ऊन बंद, क्लोरीन उतरलंच नसतं, आणि कापडाचंही टॉवेलसारखं झालं असतं. दहाव्या दिवशी साध्या चाचणीत चार आलं, तेव्हा झाकलं.

आता एक रविवार सोडून एका कोपऱ्याचं कापड उचलतो, दोन तास पंप चालवतो, मोजतो. दोनच्या खाली गेलं तर संध्याकाळी थोडी पावडर. आत्तापर्यंत फक्त एकदा टाकावी लागली, गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या आदल्या रविवारी.

मामांना नवा टॉवेल आणून दिला. व्हाउचरवर सही करताना काकांनी विचारलं, हा कुठल्या खर्चात धरायचा? मी लिहिलं, ‘पाणी तपासणी साहित्य’.