राजवाड्यापर्यंत चालत गेले आज

जिन्यावरून पडले त्याला आज 14 महिने झाले. कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने दबला होता. 3 महिने पट्टा, मग एक्स-रे, "हाड जुळलंय". सगळ्यांना वाटलं, सुटली! पण दबलेला मणका पुन्हा पहिल्या उंचीचा होत नाही. पाठीचे स्नायू दिवसभर जास्तीचा भार ओढतात नि संध्याकाळी पार थकून जातात. हे मला कुणी आधी नीट सांगितलंच नाही.

आज लेकीबरोबर रामबागेतून राजवाड्यापर्यंत चालत गेले. जाताना मस्त वाटत होतं. येताना सुभाष चौकाजवळ तीच ओळखीची कळ आली. एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकले. लेकीने काही न विचारता पाठीवर हात ठेवला आणि अंगठ्याने नेमकी ती जागा दाबून धरली. अकरा वर्षांची आहे. तिला ती जागा पाठ झालीय, याचंच फार वाईट वाटलं.

घरी सासूबाई म्हणाल्या, "अगं, हाड जुळलं ना? मग अजून दुखतं कसं?" उत्तर देतादेता रडूच फुटलं. मग त्यांनीच गरम पाण्याची पिशवी भरून आणली. पोळ्याही आज त्यांनीच लाटल्या.