बाकीची नव्व्याण्णव

आमच्या चर्चच्या उपासनेत दुसऱ्या गीतानंतर आणि उपदेशाच्या आधी पाच-सात मिनिटं मुलांची असतात. मुलं पुढे येऊन सतरंजीवर बसतात, मी त्यांच्याशी बोलतो, मग ती शेजारच्या खोलीत शब्बाथशाळेला, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गाला, जातात आणि मोठ्यांची उपासना पुढे चालू राहते. अहिल्यानगर जिल्ह्यात, उसाच्या पट्ट्यातल्या एका गावात मी पाळक आहे. अर्ध्या तासाच्या उपदेशापेक्षा ही पाच मिनिटं मला जास्त जड जातात. सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, उपदेश कसा बांधावा हे वर्षानुवर्षं शिकवलं, मुलांशी बोलणं मात्र एका दुपारीत उरकलं. ते मला मुलांनीच शिकवलं.

सुरुवातीला मी वस्तू दाखवून बोलायचो. सेल नसलेली बॅटरी दाखवायची, मग सेल घालून पेटवायची आणि म्हणायचं, ‘पवित्र आत्मा आपल्यात असा काम करतो.’ मोठी माणसं माना डोलवायची. मग एका आईनं सांगितलं, तिची चार वर्षांची मुलगी घरी जाऊन पोटाला हात लावून विचारत होती, ‘माझे सेल कुठं बसवलेत?’ मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत दाखवलेली वस्तू त्याच्यासाठी वस्तूच असते. उपमा पकडून तिच्यामागचा अमूर्त अर्थ काढणं साधारण अकरा-बारा वर्षांपुढे जमू लागतं, हे स्वित्झर्लंडचा मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेनं मुलांचं निरीक्षण करून मांडलं आहे. ‘हृदयाचं दार उघडा’ म्हटलं की लहान मूल छातीवर कडी शोधतं. म्हणून मी उपमा सोडल्या आणि गोष्ट धरली. गोष्टीत मेंढरू हे मेंढरू असतं, ते हरवतं आणि सापडतं. एवढं मुलाला पुरतं.

दुसरी सवय सोडायला जास्त वेळ लागला. एकच उत्तर असलेले प्रश्न मी विचारायचो. ‘आपल्यावर सगळ्यात जास्त प्रेम कोण करतं?’ सगळी एका सुरात, ‘येशू!’ पुढे पुढे तर प्रश्न पुरा व्हायच्या आधीच ‘येशू’ यायला लागलं. ते ऐकायला फार गोड वाटतं, पण त्यात मूल काही बोललेलं नसतं.

गेल्या नोव्हेंबरात, नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी, मी बायबलमधल्या लूकच्या पंधराव्या अध्यायातली शंभरातल्या एका हरवलेल्या मेंढराची गोष्ट घेतली होती. शब्बाथशाळेच्या मुलींनी कापसाची दहा मेंढरं केली होती, काड्यापेटीच्या काड्यांचे पाय लावलेली. दहांना शंभर समजायचं असं ठरलं. मी ती सतरंजीवर मांडली, एक उचलून हार्मोनियमच्या पेटीमागे लपवलं आणि विचारलं, ‘एक हरवलं. मेंढपाळानं काय केलं?’

‘शोधायला गेला!’

‘बाकीची नव्व्याण्णव रानात सोडून गेला. का? कारण त्या एकावर त्याचं...’

तेवढ्यात दुसऱ्या ओळीतला एक मुलगा उभा राहिला. सात वर्षांचा, दुसरीतला, शाळेचाच पांढरा शर्ट घातलेला. म्हणाला, ‘साहेब, मग बाकीच्यांजवळ कोण व्हतं? बिबट्या आला म्हंजी?’

सगळं चर्च हसलं. बायकांच्या बाजूनं हसू आलं, मागच्या बाकावरून आलं, आणि मीही हसलो. हसतच म्हणालो, ‘देव होता ना बाळा.’ पोरगं खाली बसलं आणि सतरंजीचा निघालेला धागा बोटाला गुंडाळत राहिलं. मी हरवलेलं मेंढरू पेटीमागून काढलं, खांद्यावर ठेवून दाखवलं, प्रार्थना केली आणि मुलांना पाठवून दिलं.

आमच्याकडचं हसणं वाईट मनाचं नसतं. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. इथली कितीतरी घरं पाच-पाच पिढ्यांची ख्रिस्ती आहेत आणि ही गोष्ट त्यांना तोंडपाठ आहे. त्या गोष्टीत अचानक बिबट्या शिरला, म्हणून ती हसली. पण मुलांच्या बोलण्यावर मोठ्यांनी हसायचं, हा त्या पाच मिनिटांचा जणू नेमच होऊन गेला होता, आणि तो मीच चालू दिला होता. बोलायचो मुलांशी, आणि नजर असायची बाकांवर.

उपासना संपल्यावर दारात हात मिळवताना त्या मुलाची आजी थांबली. ‘जय ख्रिस्त साहेब. पोरगं मधी बोललं, राग धरू नका.’ मी म्हटलं, राग कसला. तेव्हा तिनं सांगितलं ते असं.

दिवाळी झाल्यावर मुलाचे आईबाप कोल्हापूरकडं ऊसतोडीला गेले होते. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. चार महिन्यांचं तान्हं आजारी असायचं आणि अंगावर पीत होतं, म्हणून ते बरोबर नेलं. हा आणि त्याची बहीण, दोघं आजीजवळ ठेवली. घर वस्तीवर, तिन्ही बाजूंनी ऊस. पंधरा दिवसांपूर्वी शेजारच्या गोठ्यातून बिबट्यानं शेळी नेली होती. ‘रातीला झोपत न्हाई,’ आजी म्हणाली. ‘कडी लावली का, कडी लावली का, सारखं इचारतं. म्या म्हनते, देव हाय ना.’

माझं उत्तर आणि आजीचं उत्तर शब्दाला शब्द एकच होतं. पण रात्री त्याच्या अंगावरचं पांघरूण ती सारखं करत होती. तिनं ते म्हणावं याला अर्थ होता. मी ते म्हटलं होतं हसू आवरत, पुढच्या वाक्याला जायची घाई म्हणून.

उसाच्या भागात राहणाऱ्याला बिबट्या काही चित्रातला नसतो. उसात त्याला बारा महिने आडोसा मिळतो, मादी तिथंच पिल्लं घालते, आणि तोड सुरू झाली की आसरा मोडून तो वस्त्यांकडं सरकतो. त्या आठवड्यात सगळा गाव अंधार पडायच्या आत घरी येत होता. आणि मी सात वर्षांच्या मुलाला सांगत होतो की मेंढपाळ कळप रानात टाकून गेला आणि ते फार छान झालं.

घरी येऊन पुन्हा वचन काढलं. मत्तय म्हणतो डोंगरावर सोडून, लूक म्हणतो रानात सोडून. त्यांना कोण राखत होतं, याबद्दल दोघंही एक शब्द बोलत नाहीत. इतकी वर्षं मी या वचनावर उपदेश करतोय, आणि ती मोकळी जागा मला कधी दिसली नव्हती.

गावाबाहेर एका शेतकऱ्यानं खतासाठी रानात मेंढ्या बसवल्या होत्या. संध्याकाळी मोटारसायकल काढून तिकडं गेलो. धनगराचा वाडा, म्हणजे मुक्काम, पडलेला होता, दोन घोडी, तीन कुत्री, चुलीवर भाकऱ्या चाललेल्या. म्हाताऱ्या धनगराला मी सरळच विचारलं, ‘बाबा, एक मेंढरू मागं राहिलं तर काय करता?’

‘मागं जातो की.’

‘मग बाकीची?’

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की शिकलेला माणूस हे कसं विचारतो. म्हणाले, ‘शंभर मेंढरं येकटं मानूस कधी हाकतं का? येकजण मागं जातो, दोघं कळपाजवळ ऱ्हातात. कुत्री हायेत. रात झाली तर वाघूर लावतो.’ वाघूर म्हणजे काठ्या रोवून कळपाभोवती ताणलेली जाळी. ती त्यांनी मला हातात धरून पाहायला दिली. मग म्हणाले, ‘वाघूर लावल्याबिगर कुनी जात न्हाई. गेला, तर त्यो मेंढक्या न्हाई.’

परत येताना मला हलकं वाटलं नाही. गोष्टीची अडचण सुटली होती, त्या पोराची सुटली नव्हती. सोमवारी मंडळीतले दोघे तरुण आजीच्या वस्तीवर गेले. दाराला आतून आडणा बसवला, अंगणात रात्रभर जळेल असा दिवा लावला, आणि शेळ्या बंदिस्त गोठ्यात बांधल्या. वन विभागाला कळवलं होतंच.

पुढच्या रविवारी आगमनकाळाची पहिली मेणबत्ती लावायची होती, मुलांसाठी बोलणं मेणबत्तीवर तयार होतं. ते बाजूला ठेवलं आणि तीच कापसाची मेंढरं पुन्हा काढली. या वेळी मी स्टुलावर बसलो नाही, सतरंजीवर बसलो, माईक बंद केला. मागच्यांना ऐकू येणार नाही हे माहीत होतं. त्या मुलाला म्हटलं, ‘तू मागच्या रविवारी प्रश्न विचारलास आणि मी हसलो. ते चुकलं माझं. तुझा प्रश्न बरोबर होता. मी त्याचं उत्तर विचारून आलोय.’ त्यानं मान वर केली नाही, पण बोटाला धागा गुंडाळायचं थांबवलं.

मी धनगरबाबांचं सगळं सांगितलं. कुत्री किती, घोडी किती, भाकरी कोण थापत होतं, सगळं. मुलांना तपशील लागतो. आणि खिशातून कांद्याच्या गोणीची लाल जाळी काढली. ‘ही वाघूर. कोण लावतं?’

तो पुढं सरकला. नऊ मेंढरं एकाला एक चिकटवून ठेवली, भोवती जाळी गोल फिरवली, एका बाजूला फट राहिली तर तिथं स्वतःची चप्पल लावली. पूर्ण चर्चमध्ये कुणी हसलं नाही. मग त्यानं स्वतःच उठून पेटीमागं जाऊन दहावं मेंढरू आणलं आणि माझ्या खांद्यावर ठेवलं.

मला वाटलं झालं. प्रार्थनेला हात जोडले. तो अजून उभाच होता.

‘साहेब,’ तो म्हणाला, ‘ह्याला खांद्यावर घेतलं. आन् ह्यान्ला कधी घेतो?’

त्याच अध्यायाच्या शेवटी, घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परत येतो आणि बाप मेजवानी करतो त्या गोष्टीत, एक थोरला भाऊ आहे. घरी राहिलेला, कामं करणारा, दाराबाहेर उभा राहून बापाला हेच विचारणारा. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो, पण तो आत गेला की नाही हे लूक लिहीत नाही. ते सगळं माझ्या मनात आलं. पण सात वर्षांच्या मुलाला द्यावं असं त्यातलं काही माझ्या तोंडी आलं नाही. घाईघाईनं काहीतरी बोलायची सवय जिभेवर आली होती, ती मी गिळली.

‘मला विचार करायला लागेल,’ मी म्हटलं.

‘बरं,’ तो म्हणाला, जाळीखालून चप्पल काढून पायात घातली, आणि जाता जाता म्हणाला, ‘म्होरच्या रविवारी सांगा.’