दाढ्या घटल्या

तात्यांच्या खुर्चीत बसलं की आधी मानेभोवती फडकं येतं आणि मग बातम्या. या खेपेला गावी गेलो, तेव्हा फडकं झटकता झटकताच ते म्हणाले, "कारखान्याचं बिल न्हाई अजून. दाढ्या घटल्यात."

कऱ्हाडकडच्या ऊसपट्ट्याचा आर्थिक अहवाल एवढाच. हात आखडला म्हणून माणूस भाकरी तोडत नाही, पोराची फीही तोडत नाही. आधी दुकानातली दाढी तोडतो. घरी आरसा असतो, ब्लेड असतं. मग महिन्याची कटिंग दीड महिन्यावर जाते. कलप मात्र कुणी सोडत नाही म्हणे. "लग्नाची पोरगी घरात असली तर अजिबातच न्हाई."

सरकारही घरोघरी फिरून हेच विचारतं. ऑगस्ट 2023 ते जुलै 2024 या काळात खर्चाच्या पाहणीवाले देशभरात 2,61,953 घरांत जाऊन आले. माणशी महिन्याचा खर्च निघाला खेड्यात 4,122 रुपये आणि शहरात 6,996. खेड्यातल्या शंभर रुपयांतले 2011-12 साली जवळपास 53 पोटात जात. आता 47 जातात. घर सुधारलं की पोटाचा वाटा घटतो, हे अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 सालीच सांगून ठेवलंय. मला उत्सुकता असते ती पोटाबाहेर पडलेल्या रुपयांची. त्यातले काही 'सेवा' या रकान्यात जातात.

2011-12 च्या प्रश्नावलीतला तो रकाना वाचताना मला हसू आलं. घरकामाची बाई, न्हावी, परीट, शिंपी, दळणाचे पैसे, पुरोहित, वकील. वकील आणि बाई वगळली, तर आजोबांच्या तोंडून ऐकलेली गावगाड्याचीच माणसं की ही! दिल्लीच्या कागदावर रोखीने अवतरलेली.

आता या रकान्यात आकडा मोठा, म्हणून तो मुलूख सुखी म्हणावा, तर तसंही नाही. तात्या सत्तर रुपये घेतात. पुण्यात मी त्याच कटिंगचे दुपटीहून जास्त मोजतो. वीस मिनिटं तीच आणि केस तर दरवर्षी कमीच. कोथरूडला आली म्हणून कात्री काही जास्त धारदार होत नाही. पण गहू बाहेरून मागवता येतो, कटिंग येत नाही; तिचा दर त्या गावच्या गिऱ्हाइकाच्या खिशावर आणि गाळ्याच्या भाड्यावर ठरतो.

आणि माझा न्यू जर्सीचा चुलतभाऊ? तो माझ्या कितीतरी पट कमावतो, पण पोरांचे केस बाथरूममध्ये उभं करून स्वतः मशीनने उडवतो. इथे उतरला की दुसऱ्या दिवशी तात्यांकडे हजर, वर मालिशही. मजुरी महाग तिथे पैसेवालाही आपली हजामत आपणच करतो. आमच्या पुण्याच्या घरात मात्र भांड्यांना एक, पोळ्यांना दुसऱ्या मावशी, खाली कोपऱ्यावर इस्त्रीवाला. या खर्चात माझी ऐपत किती आणि त्यांची अडचण किती, हे कुठलाच रकाना सांगत नाही. मी तरी स्वतःला कुठे विचारतो म्हणा.

2020 साली तात्यांचं दुकान तीन महिने बंद होतं. 28 जूनला परवानगी मिळाली तीही केसांपुरती, दाढी नाहीच. त्या दिवसांत बायकोने माझे केस कापले. काम तेच झालं, बरंवाईट झालं, पण देशाच्या उत्पन्नात त्याची नोंद शून्य.

तात्यांचे वडील बलुत्यावर असायचे. मी एकदा त्या दिवसांबद्दल जरा गहिवरून बोलायला लागलो, तर तात्यांनी वस्तरा थांबवला. "सुपभर जुंधळ्यासाठी खळ्यावर ताटकळत उभं राहायला लागायचं. रोख बरी, पावणं."

तेच तात्या, आमचे आबा अंथरुणाला खिळले होते ती दोन वर्षं, दर सोमवारी घरी यायचे. सोमवारी दुकान बंद. आबांची दाढी करायचे, नखं काढायचे, चहा घ्यायचे. पैसे पुढे केले की "ऱ्हाऊ द्या" म्हणायचे. मग सुगीला आई त्यांच्या घरी शेंगांचं पोतं पाठवायची, गुऱ्हाळातनं आलेली एक ढेपही. पाहणीवाला त्या वर्षी दारात आला असता आणि त्याने विचारलं असतं, न्हाव्यावर महिन्याला किती जातात, तर आईने हातातलं काम न थांबवता सांगितलं असतं, "काय न्हाई."